एका खोलीतील तिघे
पॅरिसच्या सेंत बार्ब विद्यालयातील सहवास आणि त्याची गोव्यातील परीक्षा

जून महिना लागला की आमच्या सेमिनरींच्या आणि विद्यालयांच्या वसतिगृहांत नवे चेहरे दिसू लागतात. कोणी खानापूरकडून आलेला, कोणी गोव्यातून, कोणी इंदूर वा बडोद्याहून. पेट्या आणि वळकट्या आत येतात, खाटा वाटून दिल्या जातात, आणि कालपर्यंत एकमेकांचे नावही ठाऊक नसलेले तिघे-चौघे त्या रात्री एका छपराखाली झोपतात. झोपतात असे म्हणणेही धाडसाचेच; कारण एकाला खिडकी उघडी हवी असते, तर दुसऱ्याला बंद; एक पहाटे उठून मोठ्याने पाठांतर करणारा, तर दुसरा रात्री उशिरापर्यंत दिवा जाळणारा. एकाचा हात ताटात भात शोधतो, दुसऱ्याचा भाकरी. एकाच्या मराठीला कानडीचा हेल असतो, दुसऱ्याच्या मराठीला हिंदीचा, आणि दोघांनाही एकमेकांचे बोलणे ऐकून हसू येते. अशा वेळी आम्ही वडीलधारी मंडळी ठरलेले आश्वासन देतो : "होईल सवय."

सवय होते हे खरे. परंतु सवय होणे आणि सोबत जडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गोंगाटाची सवय होते, डासांची होते, नावडत्या माणसाचीही होते. एकमेकांची सवय झालेले दोन विद्यार्थी तीन वर्षे एका खोलीत राहून शेवटी परकेच राहिलेले आम्ही पाहिले आहेत. सोबत कशी घडते, तिला किती काळ लागतो आणि ती कोठे तोकडी पडते, हा प्रश्न वसतिगृहाच्या अधीक्षकापुरता मर्यादित नाही. ज्यांना पुढे दुसऱ्या धर्मगुरूबरोबर एका निवासात राहावयाचे आहे, परक्या गावी परक्या बोलीच्या लोकांत श्रद्धेचे शिक्षण द्यावयाचे आहे, त्या सर्वांचा तो प्रश्न आहे. त्याचा विचार करण्यासाठी आम्ही इतिहासातील एक खोली निवडली आहे. ती पॅरिसमध्ये होती. १५२९ साली तीत राहावयास आलेल्या एका प्रौढ विद्यार्थ्याचे नाव इग्नेशियस लोयोला, आणि त्याच्याकडे पाहून नाक मुरडणाऱ्या तरुणाचे नाव फ्रान्सिस झेवियर. गोव्यात ज्यांना आज 'गोंयचो सायब' म्हणतात, तेच हे झेवियर.

पॅरिसची विद्यालये

त्या काळच्या पॅरिस विद्यापीठात 'विद्यालय' म्हणजे मुळात राहण्याची जागा. दूरदेशीच्या गरीब विद्यार्थ्यांना छप्पर आणि भाकरी मिळावी म्हणून दानशूर मंडळींनी घरे बांधून दिली; रोबेर द सॉर्बों यांनी १२५७ साली ईश्वरविद्येच्या गरीब विद्यार्थ्यांसाठी स्थापिलेले घर हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. कालांतराने व्याख्यानेही या घरांतच होऊ लागली. सोळाव्या शतकात विद्यार्थी आपल्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, पुष्कळदा त्याच्याच खोलीत, राहत असे. पहाटे चारच्या सुमारास घंटा होई. वर्गात बसावयास बाके नसत. जमिनीवर पसरलेल्या गवतावर बसून धडा ऐकावा लागे. बोलण्याची भाषा लॅटिन. घरून पैसे येणारे खुशाल राहत, वृत्तीवर जगणारे काटकसरीने राहत, आणि काही विद्यार्थी इतरांची चाकरी करून शिकत. म्हणजे शिकणारे सर्व एका छताखाली असले, तरी एका पायरीवर नव्हते.

सेंत बार्ब आणि मोंतेग्यू ही दोन विद्यालये एका अरुंद गल्लीच्या दोन बाजूंना होती. मोंतेग्यूची शिस्त आणि तेथील हाल दूरवर प्रसिद्ध होते. महापंडित इरॅस्मस १४९५ साली तेथे राहिले होते. नासकी अंडी आणि ओलसर, दुर्गंधीयुक्त खोली यांचा राग त्यांनी तीस वर्षांनंतर लिहिलेल्या संवादातही बोलून दाखविला. पुढे ज्यांच्या नावाने सुधारित मंडळ्या ओळखल्या गेल्या ते जॉन कॅल्व्हिन हेही याच मोंतेग्यूचे विद्यार्थी. ख्रिस्तमंडळीच्या इतिहासातील किती वेगवेगळ्या वाटा एका गल्लीतून निघाल्या, हे पाहून आश्चर्य वाटते. सेंत बार्बचे वातावरण त्या मानाने मोकळे होते. तेथे पोर्तुगालचे राजे तिसरे जॉन यांच्या वृत्तीवर शिकणारे पुष्कळ विद्यार्थी असत, आणि विद्यालयाचे प्रमुख दियोगु द गोव्हेया हे स्वतः पोर्तुगीज होते. या गृहस्थांचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

तिघांचे येणे

पीटर फाबर यांचा जन्म १३ एप्रिल १५०६ चा, सॅव्हॉयच्या डोंगरातील विलारे नावाच्या खेड्यात. घरी मेंढ्या होत्या आणि मुलाने त्या राखाव्यात एवढीच घरच्यांची अपेक्षा. शाळेत जाण्यासाठी आपण दहा वर्षांचे असताना कसे रडलो, हे त्यांनी पुढे स्वतःच्या आध्यात्मिक टिपणांत नमूद केले आहे. शेवटी वडिलांनी शाळेत पाठविले, आणि १५२५ साली हा मेंढपाळाचा मुलगा पॅरिसला पोहोचला. बुद्धी तल्लख, स्वभाव लाघवी, परंतु मन अत्यंत भित्रे. आपले पाप खरोखरच क्षमा झाले का, या शंकेने त्याला स्वस्थता नसे. वैद्य व्हावे, वकील व्हावे, शिक्षक व्हावे की मठात जावे, याचाही त्याला निर्णय होत नव्हता.

त्याच वर्षी, त्याच विद्यालयात, त्याच शिक्षकाच्या हाताखाली फ्रान्सिस झेवियर आले. जन्म ७ एप्रिल १५०६. म्हणजे फाबर यांच्यापेक्षा अवघ्या सहा दिवसांनी मोठे. परंतु वयापलीकडे दोघांत साम्य नव्हते. झेवियर हे नावारच्या राज्यातील सरदारघराण्यातले; त्यांचे वडील राजाच्या मंत्रिमंडळाचे अध्यक्ष होते. १५१२ साली कास्तीलने नावार जिंकले आणि घराण्याचे दिवस फिरले. १५१६ साली विजेत्यांच्या हुकुमावरून त्यांच्या वाड्याचे बुरूज पाडण्यात आले, तेव्हा फ्रान्सिस दहा वर्षांचे होते. थोरले भाऊ कास्तीलविरुद्ध लढत राहिले. अशा घरातला हा तरुण देखणा, उत्साही आणि मैदानी खेळांत तरबेज होता. शिकून मोठे पद मिळवावे आणि घराण्याची गेलेली शान परत आणावी, ही त्याची आकांक्षा होती. हुआन दे ला पेन्या या शिक्षकांच्या खोलीत मेंढपाळाचा मुलगा आणि सरदाराचा मुलगा चार वर्षे एकत्र राहिले आणि त्यांचे चांगले जुळलेही.

तिसऱ्याचे येणे मात्र साधे नव्हते. इग्नेशियस लोयोला १५२८ च्या फेब्रुवारीत बार्सिलोनाहून पायी पॅरिसला आले, तेव्हा त्यांचे वय सदतीसच्या घरात होते. लॅटिनचा पाया कच्चा आहे हे ओळखून ते मोंतेग्यूत लहान मुलांच्या वर्गात बसू लागले. राहावयास ते काही स्पॅनिश विद्यार्थ्यांच्या बिऱ्हाडी होते. बार्सिलोनाच्या हितचिंतकांनी दिलेले पंचवीस एस्कुदो त्यांनी त्यांपैकी एकाजवळ विश्वासाने ठेवावयास दिले. त्या गृहस्थाने ते खर्च करून टाकले आणि परत देण्यास त्याच्याजवळ काही उरले नाही. म्हणजे या थोर संताचा पॅरिसमधला पहिला सहनिवासी त्यांचे पैसे बुडविणारा निघाला. इग्नेशियस यांना बिऱ्हाड सोडून सेंत जाकच्या धर्मशाळेत जावे लागले आणि भीक मागावी लागली. धर्मशाळेचे दार दिवस उजाडल्यावर उघडे आणि संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेला बंद होई. त्यामुळे पहाटेचे आणि सायंकाळचे दोन्ही पाठ बुडत. राहण्याची जागा चुकली की शिक्षण कसे चुकते, हे त्यांना अनुभवाने कळले.

पुढील हकिकत इग्नेशियस यांनी आपल्या आत्मकथनात सांगितली आहे. तो पैसे उधळणारा विद्यार्थी स्पेनला परत जाण्यासाठी रुआँ शहरी गेला आणि जहाजाची वाट पाहत असता आजारी पडला. पत्र आले ते इग्नेशियस यांनाच. त्याला भेटावयास जावे असे त्यांना वाटले. अनवाणी आणि अन्नपाण्यावाचून जाण्याचा त्यांनी निश्चय केला. निघताना मनाला इतकी भीती ग्रासून राहिली की कपडे चढविणेही जड झाले. शहराबाहेर काही मैल चालून गेल्यावर ती भीती गळाली. पहिली रात्र त्यांनी एका धर्मशाळेत भिकाऱ्याच्या सोबतीने काढली, दुसरी गवताच्या खोपट्यात, आणि तिसऱ्या दिवशी ते रुआँला पोहोचले. आजाऱ्याचे सांत्वन केले, त्याला जहाजावर बसवून दिले, स्पेनमधील मित्रांच्या नावे चिठ्ठ्याही दिल्या. बुडालेल्या पैशांविषयी या कथनात कडवटपणाचा एक शब्दही नाही. पण भीती वाटली हे मात्र त्यांनी लपविलेले नाही. आम्हांला तेच अधिक मोलाचे वाटते. क्षमा करणाऱ्यालाही पहिले पाऊल जड जाते.

खोलीतील पहिली वर्षे

१५२९ च्या शरदात इग्नेशियस सेंत बार्बमध्ये आले आणि पेन्या यांच्याच खोलीत राहू लागले. त्यांची कीर्ती त्यांच्या आधी पोहोचली होती, आणि ती चांगली नव्हती. त्याच वर्षी त्यांच्या मार्गदर्शनाखाली तीन स्पॅनिश विद्यार्थ्यांनी आपली चीजवस्तू, पुस्तकेसुद्धा, वाटून टाकून धर्मशाळेचा रस्ता धरला होता. त्यांच्या मित्रांनी त्यांना जवळजवळ ओढून परत आणले. त्यांपैकी एक सेंत बार्बचाच असल्याने प्रमुख गोव्हेया संतापले होते. हा मनुष्य विद्यालयात पाऊल टाकील तर त्याला सर्वांसमक्ष फटके देऊ, असे त्यांनी बजावले होते. अशा माणसाला आपल्या खोलीत घेणे कोणाला आवडेल?

झेवियर यांना ते आवडले नाही. एक तर नवा सहनिवासी त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, फाटक्या वेषाचा आणि भिक्षेवर शिकणारा. दुसरे कारण अधिक खोल होते. १५२१ च्या मे महिन्यात पाम्पलोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने ज्या योद्ध्याचा पाय मोडला, तो योद्धा म्हणजे हेच इग्नेशियस. आणि ते लढत होते कास्तीलच्या बाजूने, झेवियर यांच्या भावांच्या विरुद्ध पक्षाकडून. ज्या सत्तेने आपल्या घराचे बुरूज पाडले तिचा जुना सैनिक आता आपल्या शेजारी झोपतो, हे पचविणे सोपे नव्हते. दोघेही बास्क जातीचे, दोघांची मायबोली एकच. तथापि एक बोली म्हणजे एक मन असे होत नाही, हे सीमाभागात राहणाऱ्या आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

मग ही खोली जुळली कशी? चमत्कार काही घडला नाही. साधनांत दिसतात त्या अगदी साध्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट अभ्यासाची. पेन्या यांनी फाबर यांना सांगितले की या प्रौढ विद्यार्थ्याला धड्यांची उजळणी करून द्यावी. म्हणजे तेवीस वर्षांचा शिक्षक आणि अडतीस वर्षांचा शिष्य. इग्नेशियस यांनी हे शिष्यत्व मनापासून पत्करले. काही काळाने फाबर यांनी आपल्या शंकाकुल मनाची व्यथा त्यांना सांगितली. अशाच शंकांच्या जाळ्यातून इग्नेशियस काही वर्षांपूर्वी मान्रेसा येथे गेलेले होते. त्यांना ती व्यथा लगेच कळली. ॲरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानात फाबर गुरू होते, अंतःकरणाच्या विद्येत इग्नेशियस. दोघेही देणारे आणि दोघेही घेणारे असल्यामुळे कोणाची मान खाली गेली नाही. जेथे एकजणच नेहमी देतो आणि दुसरा नेहमी घेतो, तेथे उपकार होतात. मैत्री होणे कठीण.

दुसरी गोष्ट मौनाची. इग्नेशियस यांनी या काळात धार्मिक संभाषणाला स्वतःहून आवर घातला. अभ्यासाच्या वेळी भक्तीचे विचार येऊन लक्ष उडते, हेही त्यांनी एक प्रलोभनच मानले आणि पाठाला नेमाने हजर राहण्याचे वचन शिक्षकांना दिले. फ्रागो नावाच्या एका विद्वानांनी त्यांना विचारले की, हल्ली तुम्हांला कोणी त्रास देत नाही हे कसे? तेव्हा इग्नेशियस यांनी उत्तर दिले की, हल्ली मी कोणाशी देवाच्या गोष्टी बोलत नाही म्हणून. अभ्यासक्रम संपला की पुन्हा पहिले पाढे सुरू होतील. या उत्तरात विनोद आहे आणि शहाणपणही. एका खोलीत राहणाऱ्याला उठताबसता उपदेश ऐकविणे हा प्रेषितकार्याचा भाग नव्हे. आम्ही धर्मशिक्षकांनी हे विशेष लक्षात घ्यावयास हवे; कारण बोलणे हा आमचा व्यवसाय असल्याने थांबणे आम्हांला अवघड जाते.

तिसरी गोष्ट थैलीची. इग्नेशियस दर वर्षी सुटीत फ्लँडर्सला, आणि एकदा तर इंग्लंडलाही, जाऊन स्पॅनिश व्यापाऱ्यांकडून मदत मागून आणीत. ती मदत ते गरजू सोबत्यांतही वाटीत. खोली एक, जेवणाचे टेबल एक आणि पैशाची थैलीही एक, अशा आशयाची आठवण फाबर यांनी पुढे लिहून ठेवली आहे. वसतिगृहातील भांडणे बहुधा पैशावरून आणि वस्तूंवरून होतात. ज्याचे पैसे पहिल्याच बिऱ्हाडात बुडाले त्याने पुन्हा थैली मोकळी ठेवली, ही गोष्ट लहान नव्हे.

याच काळात गोव्हेया यांच्या धमकीचा प्रसंग आला. सणावारी आणि रविवारी विद्यार्थी वादसभेस न येता इग्नेशियस यांच्याबरोबर प्रार्थनेस जातात, अशी तक्रार झाली आणि सार्वजनिक शिक्षेची तयारी झाली. येशूसंघाचे आरंभीचे चरित्रकार सांगतात की इग्नेशियस आधी प्रमुखांना जाऊन भेटले. आपल्याला फटक्यांची भीती नाही, परंतु नुकतेच सन्मार्गाला लागलेले तरुण या अपमानाने मागे फिरतील, असे त्यांनी शांतपणे मांडले. गोव्हेया यांनी त्यांचा हात धरून त्यांना सभागृहात नेले आणि शिक्षेची वाट पाहणाऱ्या सर्वांसमोर त्यांचीच क्षमा मागितली.

हट्टी पीठ

झेवियर यांचे मन वळले ते 'मनुष्याने सर्व जग मिळविले पण जीव गमावला तर' या अर्थाचे मार्ककृत शुभवर्तमानातील वचन इग्नेशियस यांनी वारंवार ऐकविल्यामुळे, असे आम्ही प्रवचनांतून नेहमी सांगतो. ही परंपरा जुनी आहे आणि तिच्यात सत्यांश असेलही. परंतु एका वचनाने एका क्षणात माणूस बदलला असे चित्र उभे करणे इतिहासाला धरून नाही. १५३० साली झेवियर यांना पदवी मिळाली आणि ते बोव्हे विद्यालयात तत्त्वज्ञान शिकवू लागले. १५३१ साली त्यांनी आपल्या कुलीनतेचा अधिकृत दाखला मिळविण्यासाठी मायदेशी कारवाई सुरू केली; पाम्पलोनाच्या प्रधान मंदिरात मानाची जागा मिळविण्याच्या दृष्टीने तो हवा होता. म्हणजे इग्नेशियस यांच्याबरोबर दोन वर्षे काढल्यावरही त्यांची दिशा जुनीच होती. आपण मळलेल्या पिठांत हे पीठ सर्वांत हट्टी होते, असे उद्गार इग्नेशियस यांच्या नावावर सांगितले जातात ते उगीच नव्हे.

प्रत्यक्षात काय झाले, ते झेवियर यांच्याच लेखणीतून पाहावे. २५ मार्च १५३५ रोजी त्यांनी पॅरिसहून आपल्या भावाला पत्र लिहिले. इग्नेशियस यांच्याविषयी भावाच्या कानी वाईट गोष्टी गेल्या होत्या, आणि आता तेच इग्नेशियस हे पत्र घेऊन स्पेनला निघाले होते. पत्रात झेवियर सांगतात की या माणसाचे ऋण आपण जन्मभर फेडू शकणार नाही. त्यांनी आपल्याला अडचणीच्या वेळी पैशाची मदत केली, मित्र मिळवून दिले, आणि ज्यांचे खरे स्वरूप आपल्या अननुभवी डोळ्यांना दिसत नव्हते अशा संगतीतून सोडविले. उपदेशाच्या अगोदर येथे पैसे आणि मित्र आले आहेत. नव्या शिक्षकाच्या व्याख्यानांना विद्यार्थी मिळवून देणे, हातखर्चाची चणचण ओळखणे, अशा बारीकसारीक गोष्टींनी चार वर्षे हे पीठ मळले जात होते. ज्याच्याविषयी पूर्वी नाक मुरडले त्याच्या चारित्र्याची हमी आता झेवियर आपल्या घरच्यांना देत होते, आणि तीही त्याच्याच हाती पत्र देऊन. सोबत जडल्याचा याहून मोठा पुरावा आम्हांला ठाऊक नाही.

घाई कोणाचीच झाली नाही, हेही नोंदले पाहिजे. फाबर यांचे मन पहिल्या वर्षीच जुळले होते. तरीही इग्नेशियस यांनी त्यांना आपली 'आध्यात्मिक साधना' करावयास जवळजवळ चार वर्षे थांबविले. ती त्यांनी १५३४ च्या आरंभी केली. झेवियर यांनी तर ती त्या वर्षीच्या ऑगस्टनंतर केली.

आपापली शिदोरी घेऊन

१५ ऑगस्ट १५३४ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणी, सात सोबती मोंमार्त्र टेकडीवरील एका लहान मंदिरात जमले : इग्नेशियस, फाबर, झेवियर, लाइनेझ, साल्मेरोन, रॉड्रिग्ज आणि बोबादिल्या. त्यांच्यात नुकतीच गुरुदीक्षा मिळालेले फाबर तेवढे एकटे धर्मगुरू होते. त्यांनी मिस्सा अर्पण केली आणि सर्वांनी दारिद्र्याचे, ब्रह्मचर्याचे व यरुशलेमच्या यात्रेचे व्रत घेतले. हे सातही जण एका घरात राहत नव्हते. लाइनेझ यांनी नंतर लिहिले आहे की काही दिवसांच्या अंतराने सर्वजण आपापली शिदोरी घेऊन कोणा एकाच्या खोलीवर जमत व एकत्र जेवत. पुढच्या खेपेस दुसऱ्याच्या खोलीवर. येशूसंघाला पोपची मान्यता मिळाली १५४० साली. परंतु तो संघ आधी या जेवणांत घडला होता.

नंतर ताटातूट झाली. पोर्तुगालच्या राजाला हिंदुस्थानसाठी धर्मप्रचारक हवे होते. १५३८ साली या पॅरिसच्या पदवीधरांची शिफारस राजाकडे करणारे गृहस्थ कोण, तर सेंत बार्बचे तेच गोव्हेया. ज्यांनी फटक्यांची तयारी केली होती त्यांच्याच शिफारशीने गोव्याची वाट उघडली. १५४० च्या मार्चमध्ये ठरलेले बोबादिल्या आजारी पडले, आणि ऐन वेळी झेवियर यांना जावे लागले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. तिघे जुने सोबती पुन्हा कधीच एकत्र आले नाहीत. फाबर १ ऑगस्ट १५४६ रोजी रोममध्ये वारले. इग्नेशियस यांनी झेवियर यांना परत बोलाविण्याचे पत्र २८ जून १५५३ रोजी लिहिले. तेव्हा झेवियर यांना चीनच्या किनाऱ्यावरील सान्सियान बेटावर देवाघरी जाऊन सहा महिने उलटले होते.

१० मे १५४६ रोजी मोलुक्कातील अंबोन बेटावरून झेवियर यांनी युरोपातील सोबत्यांना पत्र लिहिले. सोबत्यांनी स्वहस्ते केलेल्या सह्या आपण पत्रांतून कापून काढल्या असून, आपल्या व्रतांच्या कागदाबरोबर त्या सतत जवळ बाळगतो, असे त्यात ते सांगतात. सरदारकीचा दाखला मागविणाऱ्या माणसाने शेवटी जवळ बाळगलेले दाखले हे होते.

खोली मोठी होते तेव्हा

येथे लेख संपविता आला असता. परंतु इतिहास अर्धाच सांगणे योग्य नव्हे.

झेवियर गोव्यात आले तेव्हा तेथे एक विद्यालय उभे राहत होते. १५४१ साली सुरू झालेले हे घर पुढे संत पावलाचे विद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच्या दर्शनी भागाची कमान जुन्या गोव्यात आजही उभी आहे. २० सप्टेंबर १५४२ च्या पत्रात झेवियर इग्नेशियस यांना कळवितात की, येथील मंदिर सॉर्बोंच्या मंदिराच्या जवळजवळ दुप्पट आहे. गोव्यातही त्यांची मोजपट्टी पॅरिसच्या विद्यार्थ्याचीच होती. वेगवेगळ्या भाषांचे, वर्णांचे आणि लोकांचे तीनशेहून अधिक विद्यार्थी थोड्याच वर्षांत येथे असतील, अशी आशाही त्यांनी व्यक्त केली. कोकणी, मलबारी, सिंहली, मलायी, हबशी अशी नाना देशांची मुले तेथे खरोखरच एकत्र राहू लागली. सेंत बार्बची खोली जणू शतपट मोठी झाली.

१५४८ साली आन्तोनियो गोमीश हे विद्वान धर्मगुरू तेथे प्रमुख म्हणून आले. झेवियर जपानला गेले असता गोमीश यांनी एतद्देशीय मुलांना विद्यालयातून काढून टाकले आणि त्यांच्या जागी पोर्तुगीज मुले घेतली. १५५२ साली परत आल्यावर झेवियर यांनी हा निर्णय फिरविला. एतद्देशीय मुलांना पुन्हा जागा मिळाली, आणि गोमीश यांना केवळ पदावरूनच नव्हे तर येशूसंघातूनही दूर केले. कोणाबरोबर राहणे आपल्याला सोयीचे आहे त्यावरून वसतिगृहाचे दार उघडावयाचे नसते, हे झेवियर पॅरिसमध्ये शिकले होते आणि येथे त्यांनी ते पाळले.

परंतु दुसरी बाजूही आहे. अंबोनहून सह्यांविषयीचे ते हृदयस्पर्शी पत्र लिहिल्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, १६ मे १५४६ रोजी, त्याच बेटावरून झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजाला दुसरे पत्र लिहिले. पोर्तुगीज वसाहतींत यहुदी व मुस्लिम आचार पाळणारे लोक आहेत, यास्तव हिंदुस्थानात धर्मन्यायसभा पाठवावी, अशी विनंती त्यात आहे. ही न्यायसभा गोव्यात १५६० साली, झेवियर यांच्या निधनानंतर, स्थापन झाली आणि मधला अल्पकाळ वगळता १८१२ पर्यंत टिकली. तिने गोव्यातील लोकांना काय सोसावयास लावले, ते आमच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. काळ तसा होता, असे म्हणून आम्ही ही गोष्ट बाजूला सारू इच्छित नाही. ज्याच्या हट्टी मनाला सहनिवाशाने चार वर्षे दिली, त्यालाही परधर्मीय शेजाऱ्याला तेवढा वेळ द्यावा असे सुचले नाही. खोलीत शिकलेला धडा उंबऱ्याबाहेर आपोआप जात नाही. तो प्रत्येक वेळी नव्याने शिकावा लागतो.

इग्नेशियस आणि झेवियर यांना १२ मार्च १६२२ रोजी एकाच दिवशी संतपद मिळाले. मेंढपाळाचा मुलगा, ज्याने एकाला ॲरिस्टॉटल शिकविला आणि दुसऱ्याशी पहिली मैत्री केली, तो मात्र मागे राहिला. पीटर फाबर यांना संत म्हणून घोषित केले ते पोप फ्रान्सिस यांनी, १७ डिसेंबर २०१३ रोजी. खोलीतील तिसरा सोबती पुष्कळदा असाच असतो : दोन कणखर माणसांच्या मध्ये राहून दोघांनाही जोडणारा, आणि म्हणून सहसा न दिसणारा. आमच्या प्रत्येक वसतिगृहात असा एखादा विद्यार्थी असतो. त्याला ओळखणे हे अधीक्षकाचे काम आहे.

तेव्हा येत्या जूनमध्ये नवा विद्यार्थी तक्रार घेऊन आला, तर 'होईल सवय' एवढे म्हणून त्याला परत पाठवू नये. त्याच्या सोबत्याला काय येते आणि त्याला स्वतःला काय येते, हे विचारावे. दोघांना एकमेकांचे शिक्षक करावे. कोणाचे पैसे आले नाहीत, हे पाहावे. उपदेश थोडा कमी करावा. आणि घाई करू नये. सेंत बार्बच्या त्या खोलीला सोबती घडवावयास पाच वर्षे लागली. आणि तेवढ्यानेही खोलीबाहेरच्या सगळ्या शेजाऱ्यांना आपलेसे करण्याइतकी ती पुरी पडली नाही. उरलेले काम आमच्याकडे आले आहे.